हसण्यावारी नेऊ नका!

विनोदी कार्टून मालिकांच्या चाहत्यांइतकी गंभीर जमात मी दुसरी पाहिलेली नाही. आयकराची नोटीस आलेली माणसंसुद्धा सीएच्या ऑफिसात बसून एखादा विनोद करतात. पण ‘द सिम्पसन्स’ श्रेष्ठ की ‘फॅमिली गाय’, ‘साऊथ पार्क’ धारदार की ‘फ्युचरामा’ हुशार, या विषयावर चार अमेरिकन जमले की तास-दोन तास उलटले तरी कुणाच्या ओठाची कड हलत नाही. आवाज चढतात, बोटं रोखली जातात, सीझन आणि भागांचे क्रमांक कायद्याच्या कलमांसारखे तोंडावर फेकले जातात. आणि वादाचा विषय काय, तर जास्त कोण हसवतं!

आपल्याकडे कार्टून म्हणजे पोराने निमूट जेवावं म्हणून लावून द्यायची गोष्ट. अमेरिकेत ती सोय निराळी आणि ही निराळी. पोरं झोपायच्या वेळेला मोठ्यांना कार्टून दाखवायचा उद्योग तिथे १९६० सालापासून चालू आहे. त्या वर्षी एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. अश्मयुगातलं मध्यमवर्गीय कुटुंब, दगडी चाकांची मोटार, ती पायांनी पळवायची. सुरुवातीला या मालिकेचा प्रायोजक विन्स्टन सिगारेट होता आणि जाहिरातीत फ्रेड फ्लिंटस्टोन आणि त्याचा शेजारी बार्नी, बायका घरकामात पिचत असताना, घरामागे निवांत झुरके मारत बसायचे. तेव्हा ‘छे, हे तर लहान मुलांचं’ असं म्हणून कुणाला या वादातून अंग काढून घेता येत नाही.

खरा आखाडा मात्र १७ डिसेंबर १९८९ रोजी उघडला. त्या दिवशी फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’चा पहिला पूर्ण भाग दाखवला गेला. मॅट ग्रेनिंग या चित्रकाराने पात्रांची नावं सरळ घरातून उचलली होती. बाप होमर, आई मार्गारेट म्हणून मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं शिताफीने वगळलं आणि घरातल्या दहा वर्षांच्या कार्ट्याला बार्ट करून टाकलं. होमरकडे अणुवीज केंद्राच्या सुरक्षेची जबाबदारी आहे, म्हणजे तो तिथे डुलक्या काढतो. हे कुटुंब इतकं गाजलं की १९९२ साली थोरल्या जॉर्ज बुशना, राष्ट्राध्यक्ष असताना, जाहीर भाषणात सांगावं लागलं की अमेरिकन कुटुंबांनी ‘द वॉल्टन्स’ या जुन्या मालिकेतल्या सोज्ज्वळ घरासारखं व्हावं, सिम्पसन्ससारखं नको. काही दिवसांतच बार्टने पडद्यावरून परतफेड केली. आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून देवाची करुणा भाकतो आहोत, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. वॉल्टन्सची गोष्ट १९३० च्या महामंदीतली. बुश त्याच वर्षी निवडणूक हरले. त्याचं श्रेय बार्टला देणारे चाहते मला भेटले आहेत आणि ते हसत नव्हते.

सिम्पसन्सच्या चाहत्यांत एका मुद्द्यावर पूर्ण एकमत आहे, ते म्हणजे मालिका मेली. मतभेद फक्त तिथीबद्दल आहेत.

एक संप्रदाय २८ सप्टेंबर १९९७ ही तिथी मानतो. त्या रात्रीच्या भागात शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे मुळी स्किनर नव्हेतच, दुसऱ्याचं नाव लावून इतकी वर्षं वावरणारे तोतये आहेत, असं निघालं. मुख्याध्यापकांना आवाज देणारे हॅरी शिअरर स्वतःच या कथेवर नाराज होते. मग भक्तांचं काय विचारता! दुसरा संप्रदाय चार-पाच महिने मागे जातो, फ्रँक ग्राइम्सच्या भागापर्यंत. हा ग्राइम्स जन्मभर राबलेला, नशिबाने नाडलेला माणूस होमरच्या ऑफिसात येतो. हा ऐतोबा झोपा काढतो, तरी त्याला बंगला आहे, दोन गाड्या आहेत, जेवायला शेवंडा आहेत, हे पाहून ग्राइम्सचं डोकं फिरतं आणि शेवटी तो विजेचा धक्का बसून मरतो. काहींच्या मते हा मालिकेतला सर्वोत्तम भाग. काहींच्या मते कीड लागली ती इथूनच. तिसरा संप्रदाय फेब्रुवारी २००० वर ठाम आहे. त्या महिन्यात शेजारच्या मॉड फ्लँडर्स बाई शर्यतीच्या मैदानावर, प्रेक्षकांत टी-शर्ट उडवणाऱ्या तोफांच्या माऱ्याने खाली कोसळून वारल्या. अशा तिथीवरून भांडत गेली पंचवीसएक वर्षं श्राद्धं घातली जात आहेत आणि मयत मात्र दर मोसमात नवे भाग घेऊन स्वतःच पंगतीला हजर! भागांची संख्या साडेसातशेच्या वर गेली तरी पिंडाला कावळा शिवायचं नाव घेत नाही.

मालिका लिहिणाऱ्यांना असली कुरकुर या सगळ्या तिथींच्या आधीपासूनच ऐकू जात होती. ९ फेब्रुवारी १९९७ च्या भागात त्यांनी हिशेब चुकता केला. सिम्पसन्सच्या घरातली मुलंही टीव्हीवर एक कार्टून बघतात, मांजर आणि उंदराचं. त्यात पूची नावाचा एक आगाऊ कुत्रा आणला जातो आणि तो कुणालाच आवडत नाही. दुसऱ्याच दिवशी गावातला जाड्या, शेंडीवाला कॉमिक्सचा दुकानदार जाहीर करतो, की हा आजवरचा सर्वांत भिकार भाग. बार्ट त्याला म्हणतो, इतकी वर्षं फुकटात करमणूक करून घेतलीस, ते लोक तुझं काय देणं लागतात? उलट तूच त्यांचं लागतोस. त्यावर दुकानदार क्षणभर विचार करतो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतो. गंमत अशी की याच भागासह सिम्पसन्सने फ्लिंटस्टोन्सचा १६६ भागांचा विक्रम मोडला. विक्रमाच्या दिवशी केक कापायचा सोडून त्यांनी चाहत्यांच्या कानाखाली काढली. आणि चाहत्यांनी काय केलं? दुकानदाराचं ते वाक्य आपलं ब्रीद म्हणून स्वीकारलं. आजही कुठल्याही मालिकेचा कुठलाही भाग संपला की कुणीतरी ते म्हणतंच. म्हणजे आपली टिंगल कुणाची नक्कल करून होते आहे हे कळण्याइतकी विनोदबुद्धी असलेली ही माणसं, टिंगल झाल्यावर तिच्यावर हक्क सांगायला पुढे!

हा रोग अमेरिकेतल्या मराठी घरांतही शिरला आहे. माझा एक भाचा १९९० च्या दशकात एमएस करायला गेला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला स्थिरावला. त्याच्या हिशेबाने सिम्पसन्सचा सुवर्णकाळ १९९८ च्या उन्हाळ्यात संपला. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, ही नोंद त्याच्या बायकोने चहा ओतता ओतता माझ्या कानावर घातली.

“मामा, तू काही बघितलेलंच नाहीस. थांब. सीझन चार, भाग बारा.”

“बाबा, दर पाहुण्याला हाच भाग?” जिन्यावर फोन घेऊन बसलेला त्याचा कॉलेजातला मुलगा म्हणाला. “आजोबा, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा हं. आम्हाला कुणी चॉइस दिला नव्हता.”

आजोबांना नाही म्हणता आलं नाही. भाग होता जानेवारी १९९३ चा, कोनन ओ’ब्रायनने लिहिलेला. हे गृहस्थ पुढे रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे बादशहा झाले. सिम्पसन्सच्या स्प्रिंगफील्ड गावाला अचानक तीस लाख डॉलर दंडापोटी मिळतात. रस्ते दुरुस्त करायचं ठरत असताना एक गोड गळ्याचा विक्रेता सभेत उभा राहतो, गाणं म्हणतो आणि गावाच्या गळ्यात मोनोरेल मारतो. सगळं गाव नाचायला लागतं. पुढे मोनोरेल थांबायचं नाव घेत नाही.

चाहत्याबरोबर त्याची लाडकी मालिका बघणं म्हणजे तोंडी परीक्षा असते. तो पडद्याकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. विनोद यायच्या चार सेकंद आधी त्याचा चेहरा फुलतो, मान पुढे येते, श्वास थांबतो. तुम्ही वेळेवर हसलात तर तो मान डोलावतो. आधी हसलात तर “नाही, इथे नाही, पुढे आहे.” हसला नाहीत तर रिमोट उचलून दहा सेकंद मागे. मी बराच काळ चेंबूरला राहिलेला माणूस. चेंबूर-वडाळा मोनोरेल २०१४ साली वाजतगाजत सुरू झालेली आणि पुढे अधूनमधून प्रवाशांसकट अधांतरी थांबलेली आम्ही खालून पाहिली आहे. मला तो भाग माहितीपट वाटला. “आमची थांबते, तुमची थांबत नाही, एवढाच फरक,” असं मी म्हणालो. भाच्याने तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्या घरात सिम्पसन्सबद्दल एकच विषय असा आहे की त्यावर बापलेक आवाज चढवत नाहीत. तो म्हणजे अपू. स्प्रिंगफील्डच्या किराणा दुकानाचा भारतीय मालक. नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतून घेतलेलं आणि आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. भाचा ऑफिसात लागला तेव्हा त्याचे सहकारी मालिकेबद्दल बोलायचे आणि मग अपूच्या हेलात त्याला ‘थँक यू, कम अगेन’ म्हणून दाखवायचे. तोही हसायचा. एडिसनमध्ये काय किंवा सांगलीत काय, त्या हेलात बोलणारा भारतीय त्याला कधीच भेटला नव्हता. पण सगळ्यांना हसू येत होतं आणि आपण नवीन होतो, असं तो म्हणतो. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ साली या एका पात्रावर अख्खा माहितीपट काढला, तेव्हा घरात पहिल्यांदा यावर बोलणं झालं. मुलाचं म्हणणं सरळ होतं, “बाबा, ते तुला हसत होते.” बापाचं म्हणणं असं, की अपू दुकान चालवतो, कष्ट करतो आणि त्या गावातल्या बहुतेकांपेक्षा हुशार आहे. अझारियाने २०२० साली तो आवाज देणं थांबवलं. दोघांनीही आपापलं म्हणणं सोडलेलं नाही आणि माझ्या मते दोघांचंही खरं आहे.

असो. मूळ लढाईकडे वळू. सिम्पसन्सचा हाडवैरी म्हणजे ‘फॅमिली गाय’. सेथ मॅकफार्लेनची ही मालिका ३१ जानेवारी १९९९ ला, सुपर बोल सामन्याच्या पाठोपाठ, फॉक्सवरच अवतरली. जाडा, बेअक्कल बाप. सोशिक बायको. तीन मुलं. एक कुत्रा. सिम्पसन्सवाल्यांनी हातातला बिअरचा डबा खाली ठेवला आणि ‘चोर!’ म्हणून ओरडले. फॅमिली गायवाले म्हणाले, आमचा कुत्रा बोलतो आणि मार्टिनी पितो, तुमचा बोलतो का? हा युक्तिवाद अजूनपर्यंत खोडून निघालेला नाही. फॉक्सने ही मालिका २००२ साली बंद केली, पण तिच्या डीव्हीडी इतक्या खपल्या की २००५ साली तिला मानाने परत बोलवावं लागलं. तेव्हापासून या पंथाच्या लोकांच्या चालण्यात वनवास भोगून आलेल्यांचा एक डौल असतो.

फॅमिली गायवरचा मुख्य आरोप असा, की तिच्यातल्या विनोदांचा कथेशी सुतराम संबंध नसतो. पात्र म्हणतं, ‘हे तर त्या वेळेपेक्षा वाईट झालं’ आणि कॅमेरा भलतीकडेच जाऊन भलतंच काहीतरी दाखवून परत येतो. हा आरोप सर्वांत निर्दयपणे मांडला तो ‘साऊथ पार्क’ने, एप्रिल २००६ मध्ये, दोन भागांत. त्यांच्या म्हणण्यानुसार फॅमिली गाय माणसं लिहितच नाहीत. पाण्याच्या मोठ्या टाकीत मॅनाटी नावाचे गलेलठ्ठ जलचर पोसलेले आहेत. टाकीत शब्द लिहिलेले चेंडू तरंगत असतात. एखाद्यावर गावाचं नाव, एखाद्यावर नटाचं, एखाद्यावर क्रियापद. मॅनाटी तोंडाने चेंडू ढकलत नेतात, पाच चेंडू जमले की झाला विनोद तयार. साऊथ पार्कच्या निर्मात्यांनी नंतर सांगितलं की हे दाखवल्यावर सिम्पसन्सच्या मंडळींनी त्यांना फुलं पाठवली. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे सूत्र चाणक्यानंतर इतक्या तत्परतेने कुणी पाळलं नसेल. फॅमिली गायच्या चाहत्यांनी मात्र यावर डोकं शांत ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की विनोद मॅनाटीने केला असला तरी हसू आलं ना? मग झालं तर!

साऊथ पार्कवाल्यांचा स्वाभिमान वेगळ्या जातीचा आहे. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये कॉमेडी सेंट्रलवर ही मालिका आणली. पहिला भाग चक्क रंगीत कागद कापून, एकेक चौकट हलवून केलेला. नंतर संगणक आले, पण कागद कापल्यासारखंच दिसावं म्हणून संगणकावर मेहनत घेतात. एक भाग सहा दिवसांत लिहून, रंगवून, आवाज भरून प्रसारणाला पाठवायचा, असा त्यांचा खाक्या. गेल्या आठवड्यात जे घडलं त्याची या आठवड्यात हजेरी. साऊथ पार्कचा चाहता दर्जाबद्दल बोलतच नाही, तो घड्याळाबद्दल बोलतो. “तुमची लोकं एका भागाला कित्येक महिने घेतात. आमची सहा दिवस.” बांधकाम खात्यातल्या कंत्राटदाराने हे सांगितलं असतं तर आपण पुलावरून गेलो नसतो. इथे मात्र तो गुण ठरतो.

पण साऊथ पार्कच्या पायातही एक काटा आहे आणि तो त्यांनी स्वतःच २००२ साली काढून दाखवला. त्या भागात बटर्स हा गरीब मुलगा खलनायक व्हायचं ठरवतो. गावाला छळायची एकेक योजना आखतो आणि दर वेळी त्याचा चेला सांगतो, हे सिम्पसन्सनी आधीच केलं आहे. सूर्य झाकायचा? केलंय. पुतळ्याचं डोकं कापायचं? केलंय. बिचाऱ्याला वेड लागायची पाळी येते. सिम्पसन्सवाल्यांनी या भागाला हार घालायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी पुढे यातून आपलं ब्रह्मास्त्र घडवलं. मार्च २००० मधल्या एका भागात त्यांनी ओझरता उल्लेख केला होता, की भविष्यात डॉनल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले असतील. २०१६ नंतर सिम्पसन्सच्या चाहत्याला विनोद सिद्ध करायची गरजच उरली नाही. “तुमची मालिका हसवते? छान. आमची भविष्य सांगते.” शेकडो भागांत हजारो गोष्टी बोलल्यावर चार-दोन खऱ्या ठरणारच, हे मी बोलून बघितलं. माझ्याकडे पंचांगावर शंका घेणाऱ्याकडे बघतात तसं बघितलं गेलं.

आता हुशारांकडे येऊ. ग्रेनिंगचीच दुसरी मालिका ‘फ्युचरामा’, १९९९ ची. पिझ्झा पोचवणारा एक पोऱ्या गोठून जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. फॉक्सने ती २००३ मध्ये गुंडाळली, कॉमेडी सेंट्रलने २०१० मध्ये उलगडली आणि तीन वर्षांनी पुन्हा गुंडाळली, २०२३ मध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेने परत उलगडली. तिचे लेखक केन कीलर हार्वर्डचे गणितातले पीएचडी. २०१० च्या एका भागात पात्रांची शरीरं एकमेकांत अदलाबदल होतात आणि अट अशी, की त्याच दोन शरीरांची पुन्हा आपसात अदलाबदल होत नाही. मग सगळे मूळपदावर यायचे कसे? कीलरनी त्यासाठी खरंखुरं प्रमेय सिद्ध केलं. कितीही गोंधळ झालेला असो, बाहेरचे दोन ताजे गडी मिळाले की सगळं निस्तरता येतं. पडद्यावर ही सिद्धता फळ्यावर मांडतात ते हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे बास्केटबॉलपटू. लेखकांच्या खोलीत गणिताचा पीएचडी असल्यावर बाकीच्यांनी भांडावं कशाला, असा या पंथाचा सवाल असतो.

भाच्याच्या ऑफिसातला एक नागपूरकर या पंथाचा. जेवणाच्या टेबलावर कागदी रुमाल पसरून त्याने मला एक समीकरण लिहून दाखवलं. ते सिम्पसन्समधलं, पण त्यामागचा मेंदू डेव्हिड एक्स. कोहेनचा, जो पुढे ग्रेनिंगबरोबर फ्युचरामात गेला. १९९८ च्या एका भागात होमर फळ्यावर लिहितो, ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. फर्माचं शेवटचं प्रमेय सांगतं की असं होणं अशक्य आहे. “काका, आता कॅल्क्युलेटरवर करून बघा.” केलं. दहा आकडी कॅल्क्युलेटरवर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. फरक पडतो तो त्याच्यापुढच्या आकड्यांत, जिथे कॅल्क्युलेटरची नजर पोचत नाही. मी चकित झालेला पाहून तो खूश झाला. तेवढ्यात भाच्याच्या बायकोने, तिने घरी शिकवण्या घेतल्या आहेत, रुमालाकडे एक नजर टाकली. “३९८७, अंकांची बेरीज २७, तीनने भाग जातो. ४३६५, बेरीज १८, जातो. ४४७२, बेरीज १७, जात नाही. मग बरोबर कसं येईल? भाजी वाढू का?” कॅल्क्युलेटर फसला, पाचवीतला नियम नाही फसला. टेबलावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मनापासून हसलं. ती स्वतःच.

अलीकडे दर्जाचं एक नवंच माप निघालं आहे. जी विनोदी मालिका रडवते ती थोर. फ्युचरामात २००२ साली एक भाग येऊन गेला. गोठलेल्या मालकाची वाट बघत त्याचा कुत्रा पिझ्झाच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं बसून राहतो. तो भाग आठवला की धिप्पाड, दाढीवाले पुरुष डोळे पुसतात. मग २०१४ साली नेटफ्लिक्सवर ‘बोजॅक हॉर्समन’ आली. उतरती कळा लागलेला एक नट, जो घोडा आहे. त्याची दारू, त्याचा एकटेपणा, त्याचा पश्चात्ताप. एक अख्खा भाग त्याने अंत्यविधीला उभं राहून केलेलं भाषण आहे, बाकी काही नाही. तिचे चाहते शिफारस करताना सांगतात, “सहा महिने सावरलो नव्हतो. तू बघच.” विनोदी मालिकेची याहून वेगळी जाहिरात मी तरी ऐकलेली नाही.

भाच्याचा मुलगा यातल्या कशातच नाही. तो ‘रिक अँड मॉर्टी’चा. दारुडा शास्त्रज्ञ आजोबा आणि त्याचा घाबरट नातू विश्वा-विश्वांतून हिंडतात. ही मालिका कळायला बुद्धी तल्लख लागते, असं तिच्या चाहत्यांतले काही पूर्वी उघड म्हणायचे. मग १ एप्रिल २०१७ च्या भागात रिकने जाहीर केलं की १९९८ साली ‘मुलान’ चित्रपटाच्या निमित्ताने मॅकडोनाल्ड्समध्ये मिळालेला सेझवान सॉस पुन्हा मिळवणं, हेच आपल्या जगण्याचं प्रयोजन आहे. ७ ऑक्टोबरला कंपनीने एका दिवसापुरता तो सॉस आणला. तल्लख बुद्धीची मंडळी शहराशहरांत रांगा लावून उभी राहिली. दुकानात पाकिटं मोजकी, काही ठिकाणी एकही नाही. सॉस द्या, सॉस द्या, अशा घोषणा सुरू झाल्या. एकेक पाकीट पुढे शेकडो डॉलरला विकायला निघालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने दोन कोटी पाकिटं आणून विषय मिटवला. “तू गेला होतास का रे?” मी विचारलं. “मी तेव्हा लहान होतो, आजोबा.” स्वयंपाकघरातून आवाज आला, “बाबाला घेऊन गेला होता.” भाचा रिमोटच्या बॅटऱ्या तपासायला लागला.

या गदारोळात काही शांत पंथही आहेत. टेक्सासात प्रोपेन गॅस विकणाऱ्या, हिरवळ नीट कापणाऱ्या हँक हिलच्या ‘किंग ऑफ द हिल’चे लोक वाद घालत नाहीत, फक्त कुंपणाशी उभे राहून ‘हं’ म्हणतात. ‘बॉब्ज बर्गर्स’चे लोक प्रेमळ आणि ‘आर्चर’चे लोक बेफिकीर. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. बर्गर विकणारा सालस बॉब आणि बाईबाटलीतला गुप्तहेर आर्चर, या दोघांना आवाज देणारा माणूस एकच आहे, एच. जॉन बेंजामिन, हे त्यांना सांगितलं तरी फरक पडत नाही. आमच्या बॉबचा आवाज जास्त मनापासून येतो, असं मला एका बाईंनी सांगितलं.

भक्तांची ही दशा, आणि देव मात्र एकत्र जेवतात. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले आणि ‘संयुक्त मानापमान’ झाला. तसाच संयुक्त प्रयोग सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत झाला. फॅमिली गायचं कुटुंब गाडी चोरीला गेल्याच्या निमित्ताने स्प्रिंगफील्डला सिम्पसन्सच्या घरी मुक्कामाला आलं. होमर आणि फॅमिली गायचा बाप पीटर आधी गळ्यात गळे घालतात, मग पीटरच्या गावची बिअर ही होमरच्या लाडक्या डफ बिअरची नक्कल आहे यावरून कोर्टात जातात. पंधरा वर्षांचा चोरीचा आरोप अखेर न्यायासनासमोर आला. आणि न्यायाधीश कोण? फ्रेड फ्लिंटस्टोन. निकाल देताना त्याने सांगितलं की दोन्ही बिअर आपल्या काळच्या दगडी बिअरची नक्कल आहेत. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी हा निकाल आपल्या बाजूने लागला असं जाहीर केलं.

आणि मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा हिस्सा सुमारे ७,१०० कोटी डॉलरला विकत घेतला. सिम्पसन्स, फॅमिली गाय, फ्युचरामा, बॉब्ज बर्गर्स, आर्चर, किंग ऑफ द हिल, सगळी भावंडं एका रात्रीत मिकी माऊसच्या घरी नांदायला गेली. साऊथ पार्क तेवढं आताच्या पॅरामाउंटकडे आणि रिक-मॉर्टी वॉर्नरकडे राहिले. नोव्हेंबर १९९८ च्या एका भागात फॉक्सच्या पाटीखाली ‘वॉल्ट डिस्ने कंपनीचा विभाग’ असं लिहून सिम्पसन्सनी थट्टा केली होती. अर्थात त्यांच्या चाहत्यांनी ती पाटी पंचांगात आणखी एक खरं ठरलेलं भाकीत म्हणून नोंदवली.

२०१९ च्याच नोव्हेंबरात डिस्नेने आपली स्ट्रीमिंग सेवा सुरू केली आणि तिच्यावर सिम्पसन्सचे जुने, चौकोनी चित्राचे भाग आताच्या रुंद पडद्यावर बसवायला वरून-खालून कापून दाखवले. चाहते खवळले. त्यांनी पुरावा म्हणून एक चित्र पुढे केलं. १९९३ च्या एका भागात डफच्या कारखान्यात तीन मोठ्या टाक्या आहेत. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय. मूळ चित्रात वरच्या बाजूला दिसतं की तिन्ही टाक्यांत बिअर एकाच नळीतून येते. कापलेल्या चित्रात नेमकी ती नळी गेलेली. म्हणजे विनोदच गेलेला. हा अन्याय सहन होण्यासारखा नव्हताच. महिनोन् महिने ओरड झाली आणि मे २०२० मध्ये डिस्नेने जुनी चौकट परत दिली. भाच्याने ते दृश्य मला थांबवून दाखवलं, बोट लावून. “बघ मामा, ही नळी. हिच्यासाठी भांडलो आम्ही.” मुलगाही जिन्यावरून उतरून आला, वाकून बघितलं, विनोद चांगला आहे असं त्याने कबूल केलं. मग डफ चांगली की डफ लाइट, यावर दोघांची जुंपली.